वसई ते जुने गोवे : नोवेनाचे नऊ दिवस आणि एक शहाळं

पहिला दिवस, २४ नोव्हेंबर : वसई ते अलिबाग

पहाटे साडेपाचला वसईच्या किल्ल्यात मिट्ट काळोख होता. संत गोन्सालो गार्सिया यांच्या चर्चसमोर आम्ही एकोणीस जण सायकली भिंतीला टेकवून उभे होतो. टॉर्चच्या उजेडात फादरांनी नोवेनाची, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या उपासनेची, पहिली प्रार्थना वाचली. गोन्सालो इथलाच, वसईचा. बोटीनं जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला तो पहिला संत. फादर एवढंच म्हणाले, "त्याला परत यायला मिळालं नाही. आपल्याला मिळणार आहे. वाटेत हे विसरू नका."

संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधी नऊ दिवस नोवेना चालते. आम्ही ठरवलं होतं की ते नऊ दिवस सायकलवर काढायचे आणि दहाव्या दिवशी सणाला जुन्या गोव्यात पोचायचं. २०२५ हे ज्युबिली वर्ष, कॅथलिक चर्चचं पवित्र वर्ष. पोप फ्रान्सिस यांनी त्याला 'आशेचे यात्रेकरू' हे ब्रीद दिलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, एप्रिलमध्ये, ते गेले. यात्रा काढायची ती याच वर्षी, असं आमच्या धर्मग्रामात तेव्हापासून घोळत होतं.

यात्रेला एक काम जोडलं होतं. आमच्या भागातल्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्राला पाणी शुद्ध करणारा नवा आर.ओ. प्लांट हवा होता. शिवाय ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी निधी. ओळखीपाळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे पाच, दहा, कुणी पन्नास रुपये कबूल केले होते. त्यातल्या पुष्कळांनी विचारलं, दवाखान्याला पाण्याचा प्लांट कशाला? मला ते विचारावं लागलं नाही. माझे बाबा चार वर्षं त्या खुर्चीत बसले होते. मूत्रपिंडं थांबली की आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, रक्त यंत्रातून फिरवून घ्यावं लागतं. गाळणीच्या पातळ पडद्याच्या एका बाजूनं रक्त, दुसऱ्या बाजूनं मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रावण. चार तासांचे झाले १२० लिटर. नळाचं पाणी तिथे चालत नाही, कारण त्यातलं क्लोरीन नि धातू सरळ रक्तात उतरतील. आणि याच माणसाला घरी दिवसभरात प्यायला मिळतं ते जेमतेम लिटरभर, कधी त्याहूनही कमी. लघवी होत नाही, प्यालेलं अंगात साठतं, पाय सुजतात, छातीत पाणी चढून धाप लागते. बाबा पितळी पेल्यानं मोजून पाणी प्यायचे. शेवटच्या वर्षी बर्फाचा खडा तोंडात धरून बसून राहायचे.

प्रत्येक सायकलस्वाराकडे एका रुग्णाच्या नावाची चिठ्ठी होती. रोजच्या प्रार्थनेत ती नावं घ्यायची. माझ्या चिठ्ठीवर एक मावशी होती. पंचवीस वर्षं ती मोगरा आणि सोनचाफा घेऊन पहाटेच्या लोकलनं दादरला गेली. तिची डायलिसिसची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळची. आदल्या शुक्रवारी तिला भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, "कोकणात जातोस ना? मग शहाळं दिसलं की माझ्या वाटणीचं तू पी. मला दोन वर्षं झाली." शहाळ्यात पोटॅशियम फार. मूत्रपिंडं चालत नसली की ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं. म्हणून शहाळं बंद, केळीही बंद. वसईच्या माणसाला केळं बंद म्हणजे काय, ते वसईच्याच माणसाला कळेल.

सकाळच्या रो-रो बोटीनं खाडी ओलांडून भाईंदरला उतरलो. तिथून मुंबईतून भाऊच्या धक्क्यापर्यंतचे साधारण ४० किलोमीटर सोमवारच्या गर्दीत गेले. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. मांडव्याच्या बोटीवर पहिल्यांदा वारा लागला. अलिबागला एका ओळखीच्या वाडीत मुक्काम. आमच्यातला सर्वांत मोठा सत्तर वर्षांचा, आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणतो, आणि सर्वांत लहान कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. अंकलनी आगाशीच्या सुकेळ्यांची पुडकी आणली होती. दिवसाला दोघांत एक, असा हिशेब त्यांनी जाहीर केला आणि शेवटपर्यंत पाळला.

दुसरा दिवस : अलिबाग ते मुरूड

चौलच्या अलीकडे शहाळ्यांचा पहिला ढीग दिसला. सगळे थांबले. मीही उतरलो, शहाळेवाल्यानं कोयता मारून शहाळं पुढे केलं, आणि माझा हात पुढे होईना. बाबा गेले त्या आठवड्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. मी दिली नव्हती. डॉक्टरांचं ऐकलं, बरोबरच केलं, तरी दिली नव्हती. ते शहाळं मी अंकलना दिलं आणि मनाशी ठरवलं की मावशीच्या वाटणीचं सणाच्या दिवशी पिईन. तोवर नाही.

रेवदंड्याचा कोट, कुंडलिकेवरचा पूल, साळाव, आणि मग कोर्लई. या गावासाठी मी ही वाट मागून घेतली होती असं म्हटलं तरी चालेल. पूर्वी इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी हा मुलूखही मराठ्यांकडे आला. राज्य गेलं, पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीनं आपली बोली सोडली नाही. पोर्तुगीज आणि मराठी एकमेकांत मुरून झालेली ती बोली. हजारभर लोक ती आजही घरात बोलतात. तिला ते 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. नाव इतकं साधं आहे की मला ते फार आवडलं.

कार्मेल मातेच्या चर्चच्या ओट्यावर एक आजी कोलीम निवडत बसल्या होत्या. आमच्याशी मराठीत बोलल्या आणि नातवाला हाक मारताना बोली बदलली. फादरांनी विचारलं, आमच्याबरोबर जपमाळेचा एक दशक म्हणाल का? त्यांनी हात पुसले. 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग त्या त्यांच्या भाषेत म्हणायच्या, उरलेला आम्ही मराठीत. एकही शब्द कळत नव्हता आणि कुठे थांबायचं, कुठे सुरू करायचं ते बिनचूक कळत होतं. दहा वेळा तसं झालं. माझ्या शेजारचा कॉलेजातला मुलगा, जो घरी वसईची सामवेदी बोली बोलायला लाजतो, तो नंतर बराच वेळ गप्प होता.

भाषेचा विषय निघालाच तर, रोज रात्री झोपण्याआधी आम्ही ओव्या म्हणत होतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि ख्रिस्ताचं चरित्र त्यांनी ओवीत बांधलं. १६१६ साली ते गोव्यात राचोलला छापलं गेलं. परक्या देशातून आलेल्या माणसानं आपल्या देवाची गोष्ट सांगायला आमचा ओवीचा छंद निवडला, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. माझी आजी जात्यावर त्याच चालीत म्हणायची. कोर्लईच्या पायऱ्यांवर त्या दिवशी भर दुपारी आम्ही चार ओव्या म्हटल्या. आजींनी मान डोलावली, आत गेल्या आणि तांदळाच्या भाकऱ्या नि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आल्या. एकोणीस जणांना पुरेल एवढी नव्हती, पण प्रत्येकाला एक घास मिळाला.

पुढे काशिदचा चढ-उतार, आणि मुरूडला पोचेपर्यंत जंजिऱ्यावर संध्याकाळ उतरलेली.

तिसरा दिवस : मुरूड ते हरिहरेश्वर

आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी. या किनाऱ्याची खरी मजा या बोटींत आहे. दर खाडीला रस्ता संपतो, सायकल बोटीवर चढते, आणि सायकलस्वार, मच्छीची पाटी, नवरा-नवरी नि मोटारी एकाच फळीवर उभ्या राहतात. या खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे. गावांची सोय होईल, आजाऱ्याला वेळेत नेता येईल, ते व्हायलाच हवं. पण आमचा निम्मा निधी याच बोटींवर जमला. लोक विचारायचे, कुठून, कुठे, कशासाठी. डायलिसिस हा शब्द उच्चारला की समजावून सांगावं लागत नव्हतं. कुणाचा चुलता, कुणाची सासू. एका कोळी बाईनं कमरेची पिशवी सोडून पन्नासची नोट काढली आणि "पावती नको" म्हणाली. फादरांनी पावती दिलीच.

दिवेआगरला गणपतीच्या देवळासमोर पाणी भरायला थांबलो. इथल्या बागेत १९९७ साली सोन्याचा मुखवटा सापडला होता. २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा बसवला गेला. देवळाबाहेर एका बागायतदारानं आम्हाला स्वतःच्या वाडीत नेलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्याच्या वाडीतली शेकडो झाडं एका दुपारी आडवी झाली. नारळाला आणि पोफळीला फळ धरायला वर्षं लागतात. तो नव्या पोफळींच्या रांगांतून आम्हाला फिरवत होता, प्रत्येक झाडाला हात लावत होता. भावाला आठवड्यातून तीनदा दोन तास गाडीनं डायलिसिसला न्यावं लागतं, असं तो शेवटी, फाटकापाशी म्हणाला. "तुमचं केंद्र आम्हाला काही उपयोगाचं नाही, लांब आहे. पण घ्या." आणि त्यानं पैसे दिले. त्यावर काय बोलावं ते कुणालाच सुचलं नाही. त्याच्या भावाचं नाव आम्ही त्या रात्रीपासून प्रार्थनेत घेतलं.

दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की भरतीचे तुषार तोंडावर येतात. या अख्ख्या प्रवासातला सर्वांत सुंदर तुकडा तोच. पेशव्यांचं गाव श्रीवर्धन मागे टाकून हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

चौथा दिवस : हरिहरेश्वर ते कर्दे

हा दिवस मला सांगायलाच हवा.

बागमांडल्याहून बोटीनं सावित्रीची खाडी ओलांडली, वेशवीला उतरलो. पलीकडे रत्नागिरी जिल्हा. बाणकोटपासून केळशी, आंजर्ल्यापर्यंत रस्ता सारखा वर चढतो, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, येतो, पुन्हा खाडीत उतरतो. सड्यावर सावली नाही. नोव्हेंबर असला तरी अकरानंतर जांभा तापतो आणि खालून झळ मारतो.

सकाळी निघताना मी एक गोष्ट कुणाला न सांगता ठरवली होती. आज बाबांच्या मापानं पाणी प्यायचं. दिवसाला एक बाटली. चार वर्षं मी त्यांना पेला मोजून दिला, "बाबा, झालं आजचं" असं हजार वेळा म्हटलं. ते काय होतं ते एक दिवस तरी स्वतःच्या घशाला कळावं, म्हणून. नोवेनाचा चौथा दिवस, ही माझी अर्पणा, असं मनात होतं.

अकरापर्यंत काही वाटलं नाही. बारा वाजता ओठ एकमेकांना चिकटायला लागले. शेजारी समुद्र, डोळ्यांत मावणार नाही एवढं पाणी, आणि जीभ टाळ्याला लागलेली. केळशीच्या पुढच्या चढावर सर्वांत हलक्या गिअरलाही पाय फिरेना. हात थरथरायला लागले आणि रस्त्याची कड कुठे आहे ते नीट दिसेना. उतरलो आणि तसाच बसलो.

आमच्याबरोबर त्याच केंद्रावरची एक नर्सताई होती. तिनं बाबांना चार वर्षं सुई टोचली होती. ती मागून आली, माझी बाटली उचलून पाहिली, अर्ध्याहून जास्त भरलेली. एका क्षणात तिला सगळं कळलं. ती चिडली. मी तिला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "त्यांना ते सोसावं लागलं कारण दुसरा इलाज नव्हता. तुमची मूत्रपिंडं देवानं चालू ठेवली आहेत. ती उन्हात वाळवून बाबांना काय मिळणार आहे? माझ्या केंद्रात अजून एक खुर्ची भरायची आहे का तुम्हाला?" तिनं मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. मी रडत होतो, आणि तिनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी एका करवंदीच्या जाळीच्या सावलीत सगळे बसलो असताना फादर माझ्याजवळ आले. मदर तेरेसांच्या सिस्टरांच्या प्रार्थनागृहात क्रुसाशेजारी येशूचे शब्द लिहिलेले असतात : मला तहान लागली आहे. फादर म्हणाले, "येशूनं क्रुसावर ते मोठ्यानं सांगितलं. लपवलं नाही." एवढंच बोलून ते सायकलीची चेन पुसायला गेले.

त्यानंतर मी रोज चार-पाच लिटर पाणी प्यालो आणि प्रत्येक बाटली भरताना मावशीचं नाव घेतलं.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची टेकडी, जोग नदीचा पूल, हर्णैच्या बंदरावर सुवर्णदुर्गासमोर चाललेला माशांचा लिलाव, हे सगळं मी त्या दिवशी धुक्यातून पाहावं तसं पाहिलं. कर्द्याशेजारचं मुरूड (जंजिऱ्याचं नव्हे, हे दुसरं) हे महर्षी कर्व्यांचं गाव. सतरा-अठरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वयानं लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. अंकलनी ही गोष्ट रात्री सांगितली.

पाचवा दिवस : कर्दे ते वेळणेश्वर

तीन पंक्चर, एक तुटलेली चेन. दाभोळला धक्क्याजवळची आदिलशाहीतली दगडी मशीद पाहिली. तिथल्या एका चाचांनी उतरणीवर पडलेल्या आमच्या एका मुलीचा गुडघा धुऊन दिला आणि सगळ्यांना चहा पाजला. त्यांच्या अंगणात नमाजाची वेळ झाली तेव्हा आम्ही बोलणं थांबवलं. आमच्या नोवेनाच्या वेळी त्यांनी टीव्ही बंद केला. मग वाशिष्ठी ओलांडून धोपावे, गुहागर. वेळणेश्वरला समुद्रात पाय बुडवून बसलो आणि तसेच झोपायला गेलो.

सहावा दिवस : वेळणेश्वर ते रत्नागिरी

तवसाळहून जयगडला शेवटची मोठी बोट. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर. गणपतीपुळ्याला शनिवारची गर्दी होती. तिथे आम्ही फलक धरून उभे राहिलो आणि तासाभरात डबा भरला. देवळातून बाहेर पडणारा माणूस हात सैल सोडूनच येतो. एका मुलीनं आईच्या ओरडण्याकडे लक्ष न देता प्रसादाचा लाडू डब्यात टाकला.

आरे-वारेचा चढ चढून वर आलं की खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात, मधे सुरूचं बन. सगळे फोटो काढत होते. कॉलेजातल्या मुलाचा फोन वाजला आणि तो बाजूला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याची चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवरचे गृहस्थ सकाळी गेले. रिक्षावाले होते, वय एकेचाळीस. मुलानं त्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

त्यानं फादरांना विचारलं, "आता ही चिठ्ठी कुणाला द्यायची? मी दुसरं नाव घेऊ का?" फादर म्हणाले, "नाही. हेच नाव गोव्याला ने." त्यानं चिठ्ठी हँडलच्या पिशवीतून काढून शर्टाच्या खिशात ठेवली. रत्नागिरीपर्यंत त्याच्याशी कुणी बोललं नाही. फक्त एक जण पुढे, एक जण मागे, असं त्याला मधे ठेवून चालवत राहिलो.

सातवा दिवस, ३० नोव्हेंबर : रत्नागिरी ते जैतापूर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. रत्नागिरीच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा. आम्ही मळक्या कपड्यांत शेवटच्या बाकांवर बसलो. वेदीवर जांभळं वस्त्र, हिरव्या चक्रात चार मेणबत्त्या आणि त्यातली एकच पेटलेली. आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ. डायलिसिसवरची माणसं मूत्रपिंडाची, दात्याची, यादीत नाव वर सरकण्याची वाट पाहतात, वर्षानुवर्षं. प्रार्थनेच्या वेळी तिथल्या फादरांनी रिक्षावाल्यांचं नाव मोठ्यानं घेतलं, आणि एका अनोळखी गावातल्या भरल्या चर्चनं त्यांच्यासाठी प्रतिसाद म्हटला.

मग भाट्याची खाडी, स्वामी स्वरूपानंदांचं पावस, पूर्णगडाचा पूल. त्या दिवशी पाय हलके होते. का ते मला सांगता येणार नाही.

आठवा दिवस : जैतापूर ते मालवण

शंभरच्या आसपास किलोमीटर. सर्वांत लांब पल्ला. देवगडच्या हापूसच्या बागा, कुणकेश्वर, आचरा. अंधार पडल्यावर मालवण. अंकलचे गुडघे सुजले होते, पण मागून येणाऱ्या टेम्पोत बसायला ते तयार झाले नाहीत. नर्सताईनं त्यांनाही ऐकवलं. मग ते शेवटचे दहा किलोमीटर टेम्पोत बसले आणि वसईला फोन करून ज्यांनी कबूल केले होते त्यांना सांगितलं की माझे दहा कमी धरा.

नववा दिवस : मालवण ते रेडी

सिंधुदुर्गावर ऊन पडलेलं होतं. तारकर्लीच्या बाजूनं खाली, परुळे, वेंगुर्ला, आणि दुपारनंतर शिरोडा. शिरोड्याची मिठागरं मला पाहायची होती. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर याच गावात शाळेत शिकवायचे. वसईलाही मिठागरं आहेत, बाबांनी तरुणपणी तिथे काम केलं होतं. आजार निघाल्यावर सगळ्यांत आधी मीठ बंद झालं. मीठ खाल्लं की तहान वाढते, तहान वाढली की पाणी. आई त्यांची भाजी वेगळी काढायची आणि मग हळूहळू तिनं स्वतःचंही मीठ सोडलं. आम्हाला कळू न देता. बाबा गेल्यावर पहिल्यांदा तिनं आमटी चाखली आणि म्हणाली, फार खारट झाली. ती नेहमीसारखीच होती.

मिठागराच्या बांधावर थोडा वेळ उभा राहिलो आणि आईला फोन केला. काही खास बोललो नाही. जेवलीस का, एवढंच.

रेडीचा गणपती १९७६ साली खाणीत सापडला. त्या देवळापासून जवळच मुक्काम मिळाला. नोवेनाची नववी प्रार्थना. त्या रात्री ओव्या म्हणताना सगळ्यांचे आवाज बसलेले होते.

दहावा दिवस, ३ डिसेंबर : रेडी ते जुने गोवे

पहाटेच निघालो. तेरेखोलला गोव्याची हद्द, नदी ओलांडून केरी. म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, पणजी. रायबंदरच्या लांब बांधावरून जाताना दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती. अनवाणी, डोक्यावर टॉवेल, काहींच्या हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या. आम्ही सायकलींवरून उतरलो आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो. कोकणीत म्हटलेली जपमाळ आमच्या मराठीत मिसळली, जशी कोर्लईला मिसळली होती.

बॉम जेझसची बॅसिलिका उघड्या जांभ्या दगडाची आहे, वर गिलावा नाही. दहा दिवस आम्ही ज्या दगडाच्या सड्यावरून आलो त्याच दगडाची. फ्रान्सिस झेवियर चीनला निघाले होते. १५५२ साली किनारा समोर दिसत असताना एका बेटावर, पुढच्या बोटीची वाट बघत ते गेले. त्यांचं शरीर ठेवलेल्या चांदीच्या पेटीपुढे रांग सरकत होती. तिथे थांबायला दोन क्षण मिळतात. कॉलेजातल्या मुलानं खिशातली चिठ्ठी बाहेर काढली, पेटीच्या दिशेनं धरली आणि परत खिशात ठेवली. ती आता तो रिक्षावाल्यांच्या घरी देणार आहे. मी बाबांचं नाव घेतलं, मग मावशीचं, मग दिवेआगरच्या त्या भावाचं.

निधीचा हिशेब सणाच्या मिस्सेनंतर झाडाखाली बसून केला. प्लांटच्या रकमेला अजून तिसरा हिस्सा कमी आहे. तो नाताळपर्यंत वसईत जमवायचा, घरोघर जाऊन. कामं वाटून घेतली.

मग मी शहाळेवाल्याकडे गेलो. बुधवार होता, मावशीचं डायलिसिस चालू असणार. नर्सताईनं केंद्रावर व्हिडिओ कॉल लावून दिला. मावशी खुर्चीत होती, उजवा हात चादरीवर, नळ्यांतून रक्त फिरत होतं. डाव्या हातानं तिनं फोन धरला होता.

"आणलंस का?" तिनं विचारलं.

मी शहाळं कॅमेऱ्यापुढे धरलं. शहाळेवाल्यानं तोंड उडवलं. मी स्ट्रॉ घेतली नाही, बाबा घ्यायचे नाहीत. तोंडाला लावलं आणि एका दमात प्यालो, काही हनुवटीवरून खाली गळालं. मावशी बघत होती. तिचे ओठ किंचित हलत होते.

"गोड होतं?"

"गोड होतं. थोडी खारट चव होती, खाडीकाठचं असेल."

"मलई?"

शहाळेवाल्यानं शहाळं फोडलं, करवंटीच्या तुकड्यानं मलई खरवडून माझ्या हातात दिली.

"पातळ आहे," मी म्हटलं.

"पातळच बरी," मावशी म्हणाली. "खा. मी बघते."